ताणलेला दोर

"एकतर माझ्या वडिलांची बुद्धी चळत चाललीय, नाहीतर घरात चोरी झालीय," राजश्री गजभिये म्हणाली. "यातलं कुठलं खरं, ते मला गुरुवारच्या आत हवंय."

कोपऱ्यातल्या खुर्चीत शशिधर पेंडसे गाडीची किल्ली बोटांत फिरवत बसले होते. ते थांबले.

लंडनमध्ये एजवेअर स्टेशनजवळ एका फार्मसीच्या वरच्या दोन खोल्यांत सुलक्षणा देवधर यांचं ऑफिस होतं. वीस वर्षं विमा कंपनीसाठी संशयास्पद क्लेम तपासून झाल्यावर त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं होतं. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. शशिधरना दोन वर्षांपूर्वी रिटायर झाल्यापासून घरात दहा मिनिटं एका जागी बसवत नव्हतं. चौतीस वर्षं भूलतज्ज्ञ म्हणून इतरांना झोपवणाऱ्या या माणसाची स्वतःची झोप मात्र उडाली होती. तेव्हा सुलक्षणाबाईंना ड्रायव्हर मिळाला आणि शशिधरना सकाळी घराबाहेर पडायला कारण.

"गुरुवारीच का?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"गुरुवारी बाबांची मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट आहे. आणि शुक्रवारी म्युझियमचे लोक चित्र न्यायला येणार आहेत." राजश्रीने पर्समधून एक घडी घातलेलं पत्र काढलं. ती पन्नाशीची, मिडवाइफ होती. नाइट शिफ्टवरून तशीच आलेली दिसत होती. "आधी चित्राचं सांगते. जुनं डच चित्र आहे, कालव्यावरचं. नागपूरहून इथे आल्यावर दहा-बारा वर्षांनी बाबांनी एका घरसामानाच्या लिलावात घेतलं, तेव्हा कुणाला किंमत कळली नव्हती. आता ते कालव्याकाठच्या एका छोट्या म्युझियमला फुकट देणार आहेत. गेल्या महिन्यात ते हिप ऑपरेशनसाठी तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये होते. घरी आले, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, हे माझं चित्र नाही."

"हात फिरवला?"

"त्यांना मॅक्युलर आहे. डोळ्यांना मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं दिसतं."

शशिधरनी पत्र वाचलं. जीपीने, म्हणजे त्यांच्या फॅमिली डॉक्टरने, क्लिनिकला लिहिलं होतं: ओळखीची वस्तू बदलली गेल्याचा ठाम समज. चित्रातली पाच माणसं वारंवार सहा मोजतात. त्यांनी मनातल्या मनात मान हलवली. अशा केसेस त्यांनी पाहिल्या होत्या. घरातलं माणूस, घरातली वस्तू बदलून ठेवलीय असं वाटायला लागणं, हे लक्षण काही नवं नव्हतं.

"पाचाचे सहा हे नवीन आहे का?" सुलक्षणाबाईंनी विचारलं.

"छे. मी लहान असल्यापासून. सांग किती माणसं, असं विचारायचे. मी पाच म्हटलं की हसायचे, म्हणायचे, सहा आहेत, शोध. मला वाटायचं स्वतःला धरून मोजतात. संजय म्हणतो, पूर्वी थट्टा होती, आता खरंच वाटायला लागलंय. संजय माझा नवरा, कार्डिऑलॉजिस्ट आहे. त्यानेच जीपीशी बोलून रेफरल घेतला."

"चित्राचा विमा आहे?"

"कधीच नव्हता. बाबा म्हणायचे, विमा काढला की माणूस चित्राकडे बघायच्या ऐवजी दाराकडे बघत बसतो."

"त्या तीन आठवड्यांत चित्राला कुणी हात लावला?"

"अन्वी नावाची केंब्रिजची रिसर्च स्टुडंट ते अभ्यासाला घेऊन गेली होती, दहा दिवस. बाबांनीच परवानगी दिली होती. बाबा घरी यायच्या चार दिवस आधी तिने संजयच्या हातात परत दिलं. मला तिचाच संशय आहे. मी फोन केला तर तिने कट केला. त्याआधी मार्चमध्ये पुष्करने मागची तार बदलली होती. त्याचं फ्रेमिंगचं दुकान आहे. पण तेव्हा बाबा समोर बसले होते."

वारा खिडकीची झडप सारखी आपटत होता. सुलक्षणाबाई उठल्या आणि कोट चढवू लागल्या.

*

भीमराव गजभिये यांचं घर तिथून गाडीने सात मिनिटांवर होतं; राजश्रीही बरोबरच आली. ऐंशी वर्षांचा उंच, काटक माणूस वॉकर धरून दारात उभा होता. आयुष्यभर ते कौन्सिलच्या सांडपाणी विभागात इंजिनिअर होते. बैठकीच्या खोलीत बुद्धमूर्ती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो, दिवंगत पत्नी चंदाबाईंचा फोटो, आणि समोरच्या भिंतीवर सोनेरी फ्रेममध्ये, काचेखाली, ते चित्र.

शशिधर जवळ गेले. दोन हात रुंदही नसेल. कालवा, मागे उभट छपरांची घरं. पायरीवर काळ्या कपड्यांतला व्यापारी. खाली त्याची बायको होडीतल्या कोळणीशी माशाचा भाव करतेय, आणि एका हाताने नाकाला रुमाल लावलाय. एक मोलकरीण गुडघे टेकून पायरी घासतेय. आणि डाव्या बाजूला, घाणीने काठोकाठ भरलेली एक सपाट नाव, तिच्यावर लांब बांबू घेतलेला माणूस. नावेच्या टोकापासून निघालेला दोर सरळ रेषेत डावीकडे फ्रेमपर्यंत गेला होता.

पाच. शशिधरनी दोनदा मोजली.

पाण्याच्या मधोमध एक फिकट गोल उजेड पडला होता. सगळ्या चित्रात त्यांना तोच फार आवडला.

"ती नाव शहरातला मैला आणि राख बाहेर शेतांकडे न्यायची," भीमराव मागून म्हणाले. "बाईने रुमाल त्यासाठी लावलाय. व्यापारी तिकडे बघत नाही, बायको बघत नाही. मासेवाली बघते, कारण तिला वाट द्यायला लागणार. माझ्या खात्यातलं चित्र आहे हे, म्हणून घेतलं."

"काका, तो दिवा जरा बंद करू?" सुलक्षणाबाईंनी छताच्या मध्यावर टांगलेल्या गोल कागदी दिव्याकडे बोट दाखवलं. त्यांनी दिवा बंद केला, चित्र पाहिलं, लावला, पुन्हा पाहिलं, पुन्हा बंद केला. त्यांचे डोळे दुखत असावेत असं शशिधरना वाटलं.

"हे तुमचं नाही, हे कशावरून?"

"खालचा उजवा कोपरा भिंतीपासून बोटभर सुटलेला असायचा. जुनी फळी, वाकलेली. दर रविवारी धूळ पुसताना माझं बोट त्या फटीत जायचं. आता जात नाही."

"आणखी काही?"

"माझं सांगून झालंय, बाई. मी सांगितलं की या घरात त्याला लक्षण म्हणतात. तुम्ही शोधून सांगा. मग त्याला पुरावा म्हणतील."

"किती माणसं आहेत चित्रात?"

"माझ्या चित्रात सहा."

शशिधरनी राजश्रीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती.

तेवढ्यात संजय आला. क्लिनिक संपवून सरळ आला होता. मोकळा, हसरा, पन्नाशीचा माणूस. बोलता बोलता तो आणि शशिधर पुण्याच्या एकाच मेडिकल कॉलेजचे निघाले. मग ॲनॅटॉमीचे सर, होस्टेलची मेस, इथल्या पहिल्या नोकऱ्या असं बराच वेळ चाललं. भीमराव खुर्चीत बसून ऐकत होते. शशिधरना फार दिवसांनी कुणाशी तरी बोलल्यासारखं वाटत होतं.

"तुम्ही तर जाणता, डॉक्टर," संजय आवाज उतरवून म्हणाला. "फळी सपाट झाली, कारण आम्ही तीन आठवडे हीटिंग चालू ठेवलं होतं. लाकूड आहे, हलणारच. आणि हे बघा." त्याने फोन पुढे केला. "फेब्रुवारीत बाबांच्या वाढदिवसाला काढलेला फोटो. ऑपरेशनच्या दोन महिने आधीचा. एकेक रेघ जुळवून बघा. पाण्यावरचा उजेडसुद्धा तोच. चित्र बदललं असतं तर काहीतरी वेगळं दिसलं असतं ना?"

शशिधरनी जुळवून पाहिलं. तंतोतंत तेच होतं.

"मला पाठवाल हा फोटो?" सुलक्षणाबाईंनी विचारलं. "आणि एकदा फ्रेम उघडून बघता येईल?"

"प्लीज, ते नको. साडेतीनशे वर्षांची फळी आहे, तडकली तर शुक्रवारी म्युझियमला काय देणार?" संजयने फोटो पाठवला. "नाहीतरी ते बिचारे काय बघणार आहेत. पत्र्याची शेड आहे, शाळेची मुलं येतात, सँडविच खातात. बाबांची इच्छा, म्हणून."

परतताना शशिधर गाडीत म्हणाले, "सुलक्षणाबाई, मला वाईट वाटतं, पण हे क्लिनिकचंच काम आहे. म्हातारा हुशार आहे, पण पाचाचे सहा काही होत नाहीत."

"तो दोर इतका ताठ कशाने असेल, डॉक्टर?"

"दोर ना? नावेचा आहे."

"हो," त्या म्हणाल्या आणि संजयने पाठवलेला फोटो पुन्हा उघडला.

*

मंगळवारी सकाळी पुष्करचं दुकान नुकतं उघडत होतं. तो चाळिशीचा, अंगावर लाकडाचा भुसा, आणि संशयितासारखं कुणी बोलावं याचा राग चेहऱ्यावर.

"मी फक्त तार बदलली. भीमरावकाका समोर बसून मला पाणी हवंय का विचारत होते. मी चित्र बदललं असतं तर खिशात घालून नेलं असतं का?"

"चित्र सोडवलंत का फ्रेममधून?"

"मागचा कागद सोडवून फळीचं माप घेतलं, बस. अडतीस बाय बावन्न सेंटिमीटर. संजयसाहेबांनी फोन करून मागितलं होतं, विम्यासाठी. मिलिमीटरपर्यंत अचूक दे म्हणाले. पुढून चित्र मी तेव्हा पाहिलंसुद्धा नाही."

"तेव्हा नाही. म्हणजे आधी पाहिलंत?"

"पाचेक वर्षांपूर्वी काच फुटली होती, तेव्हा सगळं सोडवलं होतं." पुष्करने खांदे उडवले. "ती फ्रेम त्या चित्राला लहान पडते, मॅडम. कुणीतरी जुन्या काळी दुसऱ्याच चित्राची आणून बसवलीय. मी काकांना म्हटलं, मोठी करून देतो. ते म्हणाले, आत्ता नको, माझ्या मिसेसला हीच आवडायची."

शशिधरनी वहीत लिहिलं: फ्रेम आवडीची. पत्नीची आठवण. मग त्याखाली रेघ मारली, कारण एवढी एकच गोष्ट त्यांना समजत होती.

केंब्रिजला पोहोचायला दीड तास लागला. अर्धा तास मोटरवेवर नुसतं थांबून गेला आणि शशिधर स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. अन्वी त्यांना लायब्ररीच्या बाहेर भेटली. चोवीस वर्षांची, लेस्टरमध्ये वाढलेली. ती आधीच रडवेली झाली होती.

"राजश्री मावशीने मला फोन केला आणि म्हणाली तू चोर आहे. मी फोन बंद केली. मला काय बोलायचं कळला नाही."

"मी तुला चोर म्हणायला आले नाही," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "तुझा अभ्यास काय आहे तेवढं सांग."

अन्वीचा चेहरा हळूहळू खुलला. "माझी थीसिस डच कॅनॉल पेंटिंगवर आहे. म्हणजे, त्यात बिझनेस कसा दिसते, आणि क्लास. कोण उभा आहे, कोण वाकला आहे, कोणाचे हात दिसतात, कोणाचे कपड्यात लपलेले आहेत. हा पेंटिंग परफेक्ट आहे. सहा लोक, सहा कामं. मी टेबल केली आहे. व्यापारी काहीच करत नाही, ते पण एक काम आहे." ती हसली. "आणि लाइट. ढगाळ दिवस आहे. कोणालाच सावली नाही, पाण्यावर पण ऊन नाही. पेंटरने सूर्य कोणालाच दिला नाही, श्रीमंतला पण नाही. त्याच्यावर माझा होल चॅप्टर आहे."

"फोटो कसे काढलेस?"

"काच, फ्रेम, सगळं काढून. रिफ्लेक्शन नको म्हणून. सुपरवायझर समोर होती."

"ते फोटो मला पाठव. आणि उद्या अकरा वाजता लंडनला ये. कुणी तुला काही म्हणणार नाही."

परतीच्या वाटेवर सुलक्षणाबाई फोनवर तो फोटो मोठा करून पाहत होत्या. शशिधरनी विचारलं, काय दिसतं. त्या म्हणाल्या, "उद्या सगळ्यांबरोबर बघा, डॉक्टर. नाहीतर तुम्ही आज तुमच्या कॉलेजच्या मित्राला फोन कराल."

शशिधरना ते लागलं. पण रात्री फोन करायचा त्यांच्या मनात होता, हेही खरं होतं.

*

बुधवारी अकरा वाजता भीमरावांच्या खोलीत सगळे जमले. संजय घड्याळ पाहत दारापाशी उभा होता. अन्वी राजश्रीपासून शक्य तितकी लांब बसली होती. पुष्करने आपली हत्यारांची पेटी आणली होती.

"मी या घरातली गोष्ट नाही सांगत, चित्रातली सांगते," सुलक्षणाबाईंनी सुरुवात केली. "नावेवरच्या माणसाच्या हातात बांबू आहे. तो नाव ढकलत नाहीये, काठाला लागू नये म्हणून रेटून धरतोय. मग नाव पुढे कशी जाते? नावेचा दोर बघा. सैल दोराला झोल पडतो. हा ताठ आहे. काठावरून कुणीतरी ओढल्याशिवाय दोर असा ताठ राहत नाही. आणि ओढणारा आपल्याला दिसत नाही."

"फ्रेमच्या बाहेर असणार," शशिधर म्हणाले.

"फ्रेमच्या बाहेर नाही, डॉक्टर. फ्रेमच्या खाली. पुष्कर म्हणाले, फ्रेम या चित्राला लहान पडते. म्हणजे डावीकडचा पट्टा आत दबलाय. काका म्हणतात सहा माणसं. आणि अन्वी, जिने फ्रेम काढून दहा दिवस अभ्यास केला, तीही म्हणाली, सहा लोक, सहा कामं. तुम्ही शेजारीच उभे होतात."

शशिधरनी वही उघडून पाहिली. त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नव्हतं.

सुलक्षणाबाईंनी अन्वीच्या फोटोचा मोठा प्रिंट टेबलावर ठेवला. डाव्या कडेला, चार बोटं रुंदीच्या पट्ट्यात, एक बाई छातीवरून दोर घेऊन पुढे झुकली होती. राजश्रीने प्रिंट उचलून डोळ्यांजवळ धरला.

"शहाऐंशी साली लाकडात कीड आहे का बघायला आम्ही फ्रेम उघडली होती," भीमराव म्हणाले. "मी मोठी फ्रेम आणतो म्हणालो. चंदा म्हणाली, राहू दे तिला आत. सगळे बघत बसले की काम करणाऱ्याला अवघडतं. म्युझियमला देताना तिला बाहेर काढायचं ठरवलं होतं."

"पुष्कर, उघडा," सुलक्षणाबाई म्हणाल्या.

"फळी तडकेल," संजय म्हणाला.

"ही नाही तडकणार."

पुष्करने चित्र उतरवलं, टेबलावर पालथं ठेवलं, चार खिळे काढले. फळी बाहेर आली. त्याने ती नाकाशी नेऊन ताज्या रंगाचा वास घेतला आणि सगळ्यांसमोर धरली. डाव्या पट्ट्यात हिरवट गवत रंगवलेलं होतं. दोर गवतात जाऊन संपत होता. बाई नव्हती.

"ही नक्कल आहे," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "आणि ज्याने ती करून घेतली, त्याने मूळ चित्र फ्रेममध्ये असतानाच फोटो काढला. त्याला बाईचा पत्ताच नव्हता. अन्वीला होता. पुष्करला फ्रेम लहान आहे हे माहीत होतं. म्हणजे या दोघांनी करवून घेतली असती तर गवत आलं नसतं."

"याने काही सिद्ध होत नाही," संजय म्हणाला. "या घरात वाढदिवसाला वीस लोकांनी फोटो काढले असतील."

"असतील. पण नक्कल कुठल्या फोटोवरून झाली, ते तिच्यावरच लिहिलंय." त्यांनी पाण्यावरच्या गोल उजेडावर बोट ठेवलं. "सोमवारी मी दिवा बंद करून बघितला. काचेवरचं प्रतिबिंब असेल तर दिव्याबरोबर जायला हवं. हे गेलं नाही, म्हणजे रंगवलेलं आहे. मूळ चित्रात ढगाळ दिवस आहे, पाण्यावर ऊन नाही, अन्वीने त्यावर अख्खं प्रकरण लिहिलंय. मग हा गोल आला कुठून? तुमच्या फोटोतून, संजय. तुम्ही या खुर्चीजवळ उभे राहून फोटो काढलात, आणि हा कागदी दिवा काचेत उमटला. नक्कल करणाऱ्याने बिचाऱ्याने तो कालव्याचा उजेड समजून रंगवला. तुम्ही मला तोच पुरावा म्हणून दाखवलात."

संजय आता घड्याळ पाहत नव्हता.

"आणि माप. विम्यासाठी फळीचं माप हवं म्हणालात. या चित्राचा विमा कधी नव्हता. राजश्रीने मला पहिल्या दहा मिनिटांत सांगितलं होतं."

राजश्री नवऱ्याकडे बघत होती. "मला एवढंच सांग, खरं चित्र कुठाय?"

संजय म्हणाला, "माझ्या कन्सल्टिंग रूममध्ये. कपाटात." त्याने चष्मा काढला. "राजू, ते तुझं होतं. तुझ्याकडे यायला हवं होतं. एवढी मोठी गोष्ट एका शेडमध्ये टांगायची? त्यांना नावेचं चित्र हवं होतं, नक्कल पुरली असती. कुणाचं काहीच गेलं नसतं. मला बाई दिसली, खोटं नाही बोलत. अदलाबदल करताना दिसली. पण तोवर सगळं झालेलं होतं आणि फ्रेमखाली कोण बघणार होतं?"

"बाबांनी ओळखलं," राजश्री म्हणाली.

"मला वाटलं विसरतील."

"नाही विसरले. मग तू जीपीला फोन केलास." तिचा आवाज वाढला नव्हता. "चित्र बदललंस ते मी एक वेळ समजून घेतलं असतं, संजय. तू माझ्या शेजारी बसून, माझा हात धरून मला सांगत होतास की बाबांना आता आपली गरज आहे."

शशिधर खिडकीकडे वळले. त्यांना संजयपेक्षा स्वतःची जास्त लाज वाटत होती. सोमवारी दोन डॉक्टर या खोलीत मेसच्या आमटीच्या गप्पा मारत होते आणि ज्याच्या बुद्धीचा निकाल त्यांनी लावला होता तो माणूस तीन फुटांवर बसला होता. त्याला एकही प्रश्न विचारावा असं त्यांना वाटलं नव्हतं.

ते भीमरावांपाशी गेले. "गजभियेसाहेब, मीही तुम्हाला पेशंटच धरलं होतं. माफी मागायची आहे."

"तुम्ही दोन दिवस धरलंत," भीमराव म्हणाले. "बसा."

राजश्रीने वडिलांसमोर स्टूल ओढला. "बाबा, मला स्पष्ट का नाही सांगितलंत?"

"सांगितलं. घरी आल्यापासून तीनदा. फ्रेम उघड म्हटलं. दर वेळी तू संजयकडे बघितलंस."

राजश्रीने कोट घेतला आणि संजयपुढे हात केला. त्याने कन्सल्टिंग रूमची किल्ली तिच्या हातात ठेवली. "मी येतो बरोबर," तो म्हणाला.

"नको. तू आत्ता तुझ्या भावाकडे जा. काय करायचं ते मी ठरवेन, मग कळवेन."

शशिधरनी तिला नेलं. परतताना मागच्या सीटवर ब्लँकेटमध्ये गुंडाळलेली फळी तिने बाळंतिणीच्या खोलीतून बाळ न्यावं तशी दोन्ही हातांवर धरली होती, आणि शशिधर प्रत्येक स्पीडब्रेकरवर अगदी सावकाश जात होते. कुणी मागून हॉर्न वाजवला तरी.

घरी सुलक्षणाबाई आणि अन्वी चहा करून थांबल्या होत्या. राजश्रीने चोर म्हणून केलेल्या त्या फोनची अन्वीकडे क्षमा मागितली, अन्वीने "इट्स ओके" म्हटलं आणि दोघी जरा अवघडून हसल्या. मग राजश्रीने फळी वडिलांच्या मांडीवर ठेवली. भीमरावांनी वाकलेल्या लाकडावर तळवा फिरवला, उजवीकडून डावीकडे, आणि डाव्या कडेशी थांबले.

"मला एक सांग," ते म्हणाले. "शहाऐंशी साली वार्निश फार काळं दिसत होतं, आणि दिवा साधा होता. तिचं तोंड मला नीट दिसलंच नाही कधी. आता तर दिसायचं नाहीच. दिसतंय का तुला?"

राजश्रीने फळी उचलून खिडकीपाशी नेली. बाहेर वारा पडला नव्हता, ढग भराभर सरकत होते, उजेड येत होता आणि जात होता. तिने एक मोठा उजेड येईपर्यंत वाट पाहिली.

"दिसतंय, बाबा. तरुण आहे. माझ्या निम्म्या वयाची असेल."

"आणि?"

ती आणखी जवळ झुकली.

"चिडलेली आहे."

भीमरावांनी डोळे मिटले, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.